अ‍ॅझाइडची बाटली

तिला या नोकरीबद्दल मीच कळवलं होतं. नंतरच्या काळात हे वाक्य मी मनातल्या मनात इतक्या वेळा म्हटलं, की शेवटी त्याला काही चवच उरली नाही.

अल ऐनमधल्या एका विद्यापीठाच्या शेतकी विभागात, तळमजल्यावर, आमची प्रयोगशाळा आहे. तिथं आम्ही मांसाचा अभ्यास करतो, मुख्यतः गाई-बैलांच्या. जनावर कापल्यानंतर पहिल्या दिवसभरात त्याच्या स्नायूंमधली ऊर्जा कशी खर्च होते, एवढाच आमचा विषय. प्रयोगशाळेचे प्रमुख सुदानचे. साठी जवळ आलेले, उंच, सावकाश बोलणारे. त्यांना आम्ही नुसतं प्रोफेसर म्हणतो. मी त्यांची रिसर्च असोसिएट. पशुवैद्यकाची पदवी, जीवरसायनात मास्टर्स आणि अर्धवट सोडलेली पीएचडी एवढी माझी शिदोरी. नवऱ्याला दुबईत नोकरी लागली तेव्हा ती पीएचडी सुटली. पहिली काही वर्षं आम्ही शारजात, अल नहदाच्या एका टॉवरमध्ये काढली. तो रोज संध्याकाळी ट्रॅफिकमधून चेहरा पाडून घरी यायचा आणि मी तान्ह्या मुलीला घेऊन खिडकीतून त्याच ट्रॅफिककडे बघत असायचे. मग त्याला अल ऐनच्या एका हॉस्पिटलमध्ये ॲडमिनची नोकरी मिळाली, आणि इथं आल्यावर मला ही.

जागा निघाली तेव्हा प्रोफेसर म्हणाले, "मॅडम, तुमच्याकडचं कुणी चांगलं असेल तर सांगा." मी आमच्याकडच्या पशुवैद्यांच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर जाहिरात टाकली. तासाभरात परभणीकडच्या एका मुलीचा मेसेज आला. नुकतीच पीएचडी झालेली. नवरा दुबईत इंजिनिअर, राहायला अल नहदातच. "ताई, मी अप्लाय करू का? तुम्ही काय म्हणता?" मला तिच्या जागी मीच दिसले. मी प्रोफेसरांना सांगितलं, मुलगी हुशार वाटते, घ्या.

ती खरंच हुशार निघाली. इतकी निघेल असं मला वाटलं नव्हतं.

पहिल्याच महिन्यात तिला ड्रायव्हिंग लायसन्स मिळालं, पहिल्याच टेस्टला. मला चौथ्या खेपेला मिळालं होतं, आणि तेव्हा मी नवऱ्याकडून पार्टी घेतली होती. तिनं मला ते फोन करून सांगितलं तेव्हा मी म्हणाले, "अरे वा." फोन ठेवला आणि मग बराच वेळ उगाचच परीक्षानळ्यांचे स्टँड पुसत बसले. तेव्हा मला वाटलं, दमले असेन.

आमच्या कामाचं थोडं सांगते, नाहीतर पुढचं कळायचं नाही. जनावर मरतं, रक्त वाहून जातं, ऑक्सिजन बंद होतो. पण स्नायूंमधल्या पेशी लगेच थांबत नाहीत. त्यांच्यात ग्लायकोजन नावाची साखर साठवलेली असते. ती मोडून त्या एटीपी बनवत राहतात. एटीपी म्हणजे पेशीच्या खर्चाची सुटी नाणी समजा. ऑक्सिजनशिवाय साखर मोडली की आम्ल तयार होतं, मांस आंबट होत जातं. तो आंबटपणा आम्ही पीएचच्या आकड्यानं मोजतो. जिवंत स्नायूचा आकडा सातच्या जवळ असतो, चांगल्या मांसात तो साडेपाचपर्यंत उतरतो आणि तिथं थांबतो. काही मांसात मात्र तो उतरतच नाही, सहाच्या आसपास अडकून राहतो. ते मांस काळपट, चिकट दिसतं आणि लवकर खराब होतं. पुस्तकातलं उत्तर असं, की जनावर प्रवासानं दमलेलं, घाबरलेलं असतं, साखर आधीच संपलेली असते, मग आम्ल होणार कशातून?

मी कितीतरी हिवाळे आणि उन्हाळे कत्तलखान्यात जाऊन नमुने गोळा केले होते. कापल्याबरोबर पाठीच्या लांब स्नायूचा वाटाण्याएवढा तुकडा घ्यायचा, द्रव नायट्रोजनमध्ये टाकायचा, थोड्या वेळानं दुसरा, मग तिसरा. नायट्रोजनच्या डब्यातून पांढरं धुकं बाहेर यायचं आणि माझा चष्मा झाकोळायचा. या सगळ्या नमुन्यांत मला एक विचित्र गोष्ट सापडली होती. काही काळपट मांसात साखर शिल्लक होती. बऱ्यापैकी होती. तरी आंबटपणा मधेच थांबला होता. का, ते मला सांगता येत नव्हतं. मी प्रोफेसरांना दाखवलं तेव्हा ते म्हणाले, "इंटरेस्टिंग, मॅडम. अजून नमुने घ्या." मी अजून नमुने घेतले.

ती आल्यावर मी तिला पहिल्यांदा कत्तलखान्यात नेलं. मला वाटलं होतं, पहिल्या दिवशी बिचकेल. ती बिचकली नाही. तिथल्या पाकिस्तानी कसायाशी हिंदीत बोलायला लागली. त्याच्या गावी म्हशी किती, चारा कुठला, सगळं विचारून झालं. पुढच्या खेपेला तो आमच्यासाठी नेमका हवा तो स्नायू आधीच मोकळा करून थांबला होता. मला इतक्या वर्षांत त्याची म्हशींची गोष्ट माहीत नव्हती.

परत येताना आम्ही एका कॅफेटेरियाबाहेर गाडी थांबवून हॉर्न दिला. पोरगा करक चहाच्या दोन कपांसह बाहेर आला. चहाचा घोट घेत ती म्हणाली, "ताई, एक विचारू? ऑक्सिजन बंद झाल्यावर मायटोकॉन्ड्रिया काय करतेत?"

मायटोकॉन्ड्रिया म्हणजे पेशीतला तो भाग, जो ऑक्सिजन वापरून भरपूर एटीपी बनवतो. मी म्हणाले, "काही नाही. ऑक्सिजन नाही तर काम नाही. बंद पडतात."

"बंद पडतेत का उलटे चालायलेत?"

"उलटे म्हणजे?"

"म्हणजे एटीपी बनवायचं जे यंत्र असतं ना त्यांच्यात, ते ऑक्सिजन नसला की उलटं फिरून एटीपी खायला लागतं. हृदयाच्या बाबतीत वाचलंय मी. मग मांसातबी होत असेल की. एटीपी लवकर संपलं तर पेशी साखर जास्त जोरात मोडणार. आंबटपणा जास्त होणार. आणि ज्या मांसात हे यंत्र नीट नसेल, तिथं साखर असून थांबणार. तुमच्या त्या नमुन्यांसारखं."

मी कप धरून बसले होते. तिनं "तुमच्या त्या नमुन्यांसारखं" हे किती सहज म्हटलं. मी म्हणाले, "बघू या. एवढं सोपं नसतं ते." आणि गाडी सुरू केली.

प्रोफेसरांना तिनं दुसऱ्याच दिवशी सांगितलं. ते खुर्चीतून उठले, फळ्याजवळ गेले आणि तिच्या हातात पेन दिलं. त्या खोलीत मी इतकी वर्षं बसत होते, माझ्या हातात त्यांनी कधी फळ्याचं पेन दिलं नव्हतं. ती काढत होती, ते प्रश्न विचारत होते, आणि शेवटी ते म्हणाले, "यल्ला, दक्तूरा, करून बघा." यल्ला म्हणजे चला, दक्तूरा म्हणजे डॉक्टरीणबाई. तिची पीएचडी झालेली, त्यामुळे ते बरोबरच होतं. मी मॅडम होते, आणि तेही बरोबरच होतं.

ती आठवडाभर अल ऐनला एका खोलीत भाड्यानं राहायची आणि शुक्रवारी दुपारी नवऱ्याकडे शारजाला जायची. मधल्या दिवसांत एकटी काय खाईल, म्हणून मी तिला घरी जेवायला बोलवायचे. हेही मीच सुरू केलेलं.

माझी मुलगी तेव्हा सातवीत होती. तिच्याशी मी मराठीत बोलते, ती इंग्लिशमध्ये उत्तर देते. जन्मापासून असंच आहे. मी रागावून, लाडानं, गोष्टी सांगून, सगळं करून पाहिलं होतं. "पोळी घे गं अजून" म्हटलं की "आय एम फुल, आई." एवढा एक 'आई' शब्द काय तो आमच्या भाषेतला. एके दिवशी मी स्वयंपाकघरात भाजी ढवळत होते आणि हॉलमधून आवाज आला, "मावशी, हे असं का व्हायलंय?"

मी बाहेर येऊन पाहिलं. दोघी जमिनीवर बसून शाळेचं सायन्सचं मॉडेल करत होत्या. मुलगी तिला मराठीत विचारत होती. तेही परभणीच्या मराठीत. मी ज्या पुणेरी मराठीसाठी इतकी वर्षं झटले ती तिच्या जिभेवर आली नव्हती, आणि ही आठवड्यातून दोनदा जेवायला येणारी बाई तिला बोलती करून गेली होती.

रात्री जेवताना मी मुलीला विचारलं, "मावशीशी मराठीत बोलतेस, माझ्याशी का नाही?"

ती खांदे उडवून म्हणाली, "शी डझन्ट करेक्ट मी."

नवरा माझ्याकडे बघून हसला. मी नाही हसले.

त्या हिवाळ्यात सासूबाई पुण्याहून आमच्याकडे राहायला आल्या. त्या शाळेत शास्त्र शिकवायच्या, आता निवृत्त. घरात देवपूजा, सोवळं-ओवळं फार नाही, पण गाय म्हणजे गाय. त्यांना मी कायम सांगत आले होते, की मी स्नायूंमधल्या ऊर्जेवर काम करते. ते खोटं नव्हतं. कुणाच्या स्नायूंमधल्या, ते त्यांनी विचारलं नव्हतं आणि मी सांगितलं नव्हतं. नवऱ्याशी माझं तसं ठरलेलंच होतं.

ती जेवायला आली. सासूबाईंनी सहज विचारलं, "तुम्ही दोघी नेमकं काय करता गं?"

मी तोंड उघडायच्या आत ती म्हणाली, "आजी, गुरं कापल्यावर त्यांच्या मांसाचं आत काय होतं, ते बघतो आम्ही. बैलाचं, गाईचं."

माझ्या हातात वरणाची पळी होती, ती तशीच राहिली. नवरा ताटाकडे बघायला लागला. सासूबाईंनी हातातला घास ताटात ठेवला. मग म्हणाल्या, "म्हणजे, मेल्यावरही आत काही चालू असतं?"

"असतं की आजी. कितीतरी तास." आणि तिनं त्यांना सगळं सांगितलं, ताटातल्या वाटीला पेशी करून आणि मिठाच्या दाण्यांना साखर करून. सासूबाई जेवण थांबवून ऐकत होत्या. मधे मधे शिक्षिकेसारखे प्रश्न विचारत होत्या, आणि नेमके विचारत होत्या. "मग दमलेल्या जनावराला आधी विश्रांती दिली तर?" ती म्हणाली, "तेच तर आजी, म्हणूनच त्यांना नीट वागवायला पाहिजे. तुमच्या सूनबाईंनी ते सगळं मोजलंय."

ती गेल्यावर सासूबाई माझ्याजवळ येऊन बसल्या. मला वाटलं, आता बोलतील. त्या म्हणाल्या, "मला पटलं असं नाही म्हणणार मी. पण इतकी वर्षं तू का नाही सांगितलंस? किती छान समजावून सांगितलं तिनं."

त्या रागावल्या असत्या तर मला सोपं गेलं असतं.

झोपताना नवऱ्यानं विचारलं, "तुला तिचा त्रास होतोय का?"

"नाही," मी म्हणाले.

"बरं," तो म्हणाला आणि त्यानं दिवा घालवला. त्याला माझं 'नाही' कळतं, आणि ते सोडून द्यायचं केव्हा तेही कळतं.

इकडे तिचा प्रयोग मार्गी लागला होता. कत्तलखान्यातून ताजा स्नायू बर्फात घालून आणायचा, त्यातून मायटोकॉन्ड्रिया वेगळे काढायचे. मग काचेच्या नळ्यांत गोठवलेल्या मांसाची पूड, साखर आणि लागणारं द्रावण घालायचं. निम्म्या नळ्यांत मायटोकॉन्ड्रिया टाकायचे, निम्म्यांत नाही, आणि पीएच कसा उतरतो ते दिवसभर बघत राहायचं. पहिल्याच खेपेत दिसलं. ज्यात ते टाकले होते, त्या नळ्या जास्त आंबट झाल्या. पुन्हा केलं, पुन्हा तेच. इतकी वर्षं ज्याला आम्ही मेल्यानंतर निकामी समजत होतो, ते निकामी नव्हतं.

प्रोफेसरांनी तिचा आलेख छापून आपल्या खोलीच्या दारावर लावला. अबू धाबीत मांसविज्ञानाची एक परिषद होणार होती. तिथं आमच्या प्रयोगशाळेतर्फे एकानं बोलायचं होतं. आधीच्या परिषदेत मी पोस्टर लावून उभी राहिले होते. यंदा व्यासपीठावरची जागा होती. प्रोफेसरांनी आम्हा दोघींना बोलावलं आणि म्हणाले, "दक्तूरा बोलतील. मॅडम, तुमचे नमुने यात आहेतच, तुमचं नाव राहील."

मी म्हणाले, "अर्थात."

त्या दिवसांत मी तिच्या चुका शोधायला लागले. तिचं अक्षर वाईट आहे, ती इंग्लिश बोलताना 'व्हेरी'ला 'वेरी' म्हणते, नळ्या धुतल्यावर सिंकमध्ये साबणाचा फेस तसाच ठेवते. फेस दिसला की मला बरं वाटायचं. मी तो धुवून टाकायचे आणि मनात म्हणायचे, बघा, शेवटी कोण धुतं. असं बरं वाटणं फार टिकत नाही, हे मला तेव्हाच कळलं होतं. तरी रोज सिंकपाशी जाऊन बघायचे.

परिषद जवळ आली आणि तिचा प्रयोग फसला. तिला अजून एक खेप करून आकडे पक्के करायचे होते. या वेळी मायटोकॉन्ड्रिया टाकलेल्या आणि न टाकलेल्या नळ्यांत काहीच फरक दिसेना. तिनं पुन्हा ताजा स्नायू आणला, पुन्हा केलं. फरक नाही. पीएचचं यंत्र तपासलं, इलेक्ट्रोड बदलला. फरक नाही. तिचं हसणं बंद झालं. दुपारी ती नळ्यांसमोर डोकं धरून बसलेली दिसली.

"ताई, मला काही कळायनं," ती म्हणाली. "आधीचंच चुकलं होतं का माझं?"

मी म्हणाले, "असतं असं कधीकधी." आणि मला आतून बरं वाटलं. लपवत नाही. डोकं दुखत असताना थंडगार पट्टी ठेवावी, तसं वाटलं.

मी माझ्या टेबलाकडे गेले. माझी स्वतःची एक विश्लेषणाची खेप चालू होती, त्यासाठी द्रावण घ्यायला शेल्फवरची माझी बाटली काढली. बाटली जवळपास रिकामी. मी ती इतकी वापरली नव्हती. मग आठवलं. गेल्या आठवड्यात मी फोनवर मुलीच्या शाळेशी बोलत होते, तेव्हा तिनं खुणेनंच विचारलं होतं, तिचं द्रावण संपलंय, माझं घेऊ का? मी मान हलवली होती. मी बाटली फिरवली. भिंतीकडे असलेल्या बाजूवर माझ्याच अक्षरात लिहिलं होतं, 'यात अ‍ॅझाइड'.

अल ऐनच्या उन्हाळ्यात कितीही एसी लावला तरी द्रावणांत बुरशी धरते. म्हणून मी माझ्या बाटलीत थोडं सोडियम अ‍ॅझाइड घालते. ते विष आहे, बुरशी वाढू देत नाही. माझ्या मोजणीला त्यानं काही फरक पडत नाही. तिच्या प्रयोगाला मात्र पडणारच होता. तिच्या नळ्यांमध्ये विष गेलं होतं. प्रयोग बिघडायचं कारण माझ्या हातात होतं.

मी बाटली टेबलावर ठेवली आणि बसले. खिडकीबाहेर माळी खजुराच्या झाडांना पाणी देत होता. मी काही बोलले नसते तरी कुणाला कळलं नसतं. तिनं नवीन द्रावण बनवलं असतं तर प्रयोग आपोआप जुळला असता, पण तोवर परिषद होऊन गेली असती. प्रोफेसर एवढ्या शंकास्पद आकड्यांवर तिला बोलू देणार नव्हते. व्यासपीठाची जागा रिकामी राहिली असती, आणि माझे नमुने, माझे आकडे तयार होते. हे सगळं मी सविस्तर मनात मांडून पाहिलं. मग उठले, कारण ते मला जमण्यासारखं नव्हतं. सज्जनपणामुळे नाही. चुकीचे आकडे खरे म्हणून प्रयोगशाळेत पडून राहणं मला सहन होत नाही, घरात उघडा गॅस राहिल्यासारखं वाटतं.

मी तिच्या टेबलावर बाटली नेऊन ठेवली. "हे बघ. यात अ‍ॅझाइड आहे. तू हेच वापरलंस. तुझं द्रावण दूषित झालंय, म्हणून बिघडलं. नवीन बनव."

तिनं बाटली हातात घेतली. लेबल वाचलं. मला वाटलं, तिला हायसं वाटेल, किंवा माझा रागही येईल. ती नुसती बघत राहिली. मग हळूच म्हणाली, "ताई. अ‍ॅझाइड कशाला अडवतं?"

"बुरशीला. जिवाणूंना."

"नाही, मायटोकॉन्ड्रियात. ते यंत्र उलटं फिरून एटीपी खातं ना, अ‍ॅझाइड नेमकं त्यालाच अडवतं. साखर मोडणाऱ्या बाकीच्या गोष्टींना काही करत नाही." तिनं माझा हात धरला. "ते यंत्र अडलं आणि फरक गेला. म्हणजे फरक त्या यंत्रामुळंच पडत होता. ताई, प्रयोग बिघडलेला नाही. हाच पुरावा आहे."

ती उठून प्रोफेसरांच्या खोलीकडे जवळजवळ पळतच गेली. मी तिथं उभी राहिले. अ‍ॅझाइड त्या यंत्राला अडवतं, हे मला माहीत होतं. विद्यार्थी असताना मी ते परीक्षेत लिहिलं होतं. बाटली माझी, अक्षर माझं, माहिती माझी. आणि माझ्या तोंडून काय निघालं, तर 'दूषित'.

श्रेय तिला मिळालं, जागा तिला मिळाली, मुलगी तिच्याशी मराठीत बोलली, सासूबाईंनी तिचं कौतुक केलं, या सगळ्यांचा मला मत्सर वाटला होता, आणि त्यातल्या प्रत्येकाला मी काही ना काही कारण देऊ शकत होते. वय, पीएचडी, गोड बोलणं. या वेळच्या मत्सराला कारण देता येईना. एकच गोष्ट आम्ही दोघींनी एकाच वेळी पाहिली होती. तिला त्यात अर्थ दिसला आणि मला घाण दिसली.

परिषदेत ती चांगली बोलली. 'वेरी' म्हणाली, पण कुणाचं तिकडे लक्ष नव्हतं. अ‍ॅझाइड मुद्दाम घालून आणि न घालून केलेले आकडे तिनं आता दाखवले. शेवटी तिनं पडद्यावर माझं नाव ठेवलं आणि म्हणाली, की हा पुरावा माझ्या वरिष्ठ सहकाऱ्यामुळे मिळाला, त्यांच्या बाटलीनं आणि त्यांच्या प्रामाणिकपणानं. लोक वळून माझ्याकडे बघून टाळ्या वाजवायला लागले. मी हसले. माझे गाल दुखत होते. तिनं श्रेय लाटलं असतं तर मी तिचा निवांत द्वेष केला असता. तेवढीही सोय तिनं ठेवली नाही.

परतीच्या वाटेवर प्रोफेसर पुढच्या सीटवर झोपले होते. ती गाडी चालवत होती. म्हणाली, "ताई, तुम्ही पीएचडी पुरी का नाही करत? तुमच्याकडं नमुन्यांचा एवढा खजिना आहे."

"माझं वय बघ."

"बघितलं," ती म्हणाली. "तुम्ही माझ्यावर चिडलाय का?"

मी रस्त्याकडे बघत राहिले. दोन्ही बाजूंना वाळू आणि मधेच उंटांसाठी घातलेलं कुंपण. मी म्हणाले, "चिडले नाही. जळते."

तिनं पुढचा ट्रक ओलांडला. मग म्हणाली, "मग मी काय करू?"

"काही नको करूस. तुझं काम कर."

"बरं," ती म्हणाली. पुढे अल ऐनपर्यंत आम्ही मुलीच्या शाळेबद्दल आणि पेट्रोलच्या भावाबद्दल बोललो.

मनातलं बोलून टाकलं की हलकं वाटतं म्हणतात. मला वाटलं नाही. फक्त एक झालं, सिंकमधला फेस बघायला जाणं बंद झालं. आता ते तिलाही माहीत असल्यासारखं वाटायचं आणि लाज वाटायची.

पुढच्या वर्षी प्रोफेसरांची प्रकृती थोडी बिघडली आणि त्यांनी काम कमी केलं. तिला विभागात कायम नेमणूक मिळाली. मी नवऱ्याशी बोलले, सासूबाईंना फोन केला, आणि पीएचडीसाठी अर्ज केला. विषय तोच, साखर शिल्लक असून न आंबलेलं मांस. मार्गदर्शक म्हणून प्रोफेसरांचं नाव, आणि त्यांच्याबरोबर सहमार्गदर्शक म्हणून तिचं. दुसरं कुणी त्या विषयातलं इथं नव्हतं. अर्जावर तिच्या नावाशेजारी मी सही केली. सासूबाई फोनवर म्हणाल्या, "आता गावभर सांगेन मी, माझी सून गुरांच्या मांसावर डॉक्टरेट करते म्हणून." खरंच सांगितलंही, असं दीर म्हणाला.

मत्सर गेलेला नाही. ती प्रयोगशाळेतल्या विद्यार्थ्यांशी बोलत असली, की मी अजूनही कान देते, माझ्यापेक्षा बरं समजावते का ते बघायला. बऱ्याचदा बरं समजावते. मुलगी आता अकरावीत आहे. तिला बायोलॉजी घ्यायची आहे, आणि तिनं सल्ला कुणाला विचारला हे सांगायची गरज नाही.

मागच्या महिन्यात मी प्रबंधाचं पहिलं प्रकरण तिच्याकडे दिलं. परत आलं तेव्हा समासात तिच्या त्या वाईट अक्षरात खुणा होत्या. बऱ्याच खुणा इंग्लिशच्या होत्या, आणि त्या मी रागानं खोडून काढल्या, कारण इंग्लिश माझं तिच्यापेक्षा चांगलं आहे. पण एका आलेखाशेजारी तिनं लिहिलं होतं, 'ताई, इथं तापमानाचा विचार केला नाही. थंड मांसात पीएच वेगळा दिसतो.' मी आलेख समोर धरला, माझ्या टेबलाशी बसून सगळे आकडे पुन्हा तपासले. ती बरोबर होती. मी तो आलेख काढून टाकला आणि नवा करायला घेतला.